कातिबाचा कागद आणि तांब्याची पाटी
(घरी बनणाऱ्या मुद्रित मंडलांचा इतिहास)

रेडिओ, भिंतीवरचे घड्याळ, विजेचा मीटर, मोबाइलचा चार्जर, यांपैकी कोणतीही वस्तू उघडून पाहिली, तर आत एक पातळ पाटी आढळते. तिचा रंग बहुधा हिरवा किंवा तपकिरी असतो. एका बाजूस बारीकसारीक भाग बसवलेले असतात आणि दुसऱ्या बाजूस गल्ल्या-रस्त्यांच्या नकाशासारख्या तांब्याच्या रेघा पसरलेल्या असतात. या पाटीला मराठीत मुद्रित मंडल म्हणतात. बाजारात मात्र दुकानदार आणि कारागीर तिला ‘पीसीबी’ याच नावाने ओळखतात.

‘मुद्रित’ म्हणजे छापलेले. या नावाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. विजेचे मंडल आणि छापखाना यांचा संबंध काय, असा प्रश्न विद्यार्थ्याला पडायला हवा; पण पाठ्यपुस्तकात तो क्वचितच विचारला जातो. वास्तविक या पाटीचा सारा इतिहास छापखान्यातूनच निघालेला आहे. इतकेच नव्हे, तर घरच्या टेबलावर लेसर प्रिंटर आणि कपड्यांची इस्त्री यांच्या साहाय्याने आज जी पाटी तयार करता येते, तिच्या कृतीचे मूळ शिळाछापाच्या कारखान्यात आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी उर्दूचे कातिब ज्या कारखान्यासाठी लिहीत, तोच हा कारखाना. हे नाते कसे जुळते, ते या लेखात क्रमाने पाहू.

शिळाछाप

इ. स. १७९६ च्या सुमाराची गोष्ट. जर्मनीतील म्युनिक शहरी आलोइस झेनेफेल्डर नावाचा एक तरुण राहत होता. वडील नट होते. त्यांच्या मृत्यूनंतर घरची परिस्थिती बिघडली आणि त्याला कायद्याचे शिक्षण अर्धवट सोडावे लागले. तो नाटके लिही. परंतु ती छापून घेण्यास पैसे नव्हते. तेव्हा आपली नाटके आपणच छापावीत, या हेतूने तो स्वस्त साधनांचा शोध घेऊ लागला. एके दिवशी आईने परटाच्या कपड्यांची यादी लिहून घेण्यास सांगितले. जवळ कागद नव्हता, म्हणून प्रयोगासाठी आणलेल्या चुनखडीच्या गुळगुळीत फरशीवर मेण, साबण आणि काजळी यांच्या शाईने त्याने ती लिहिली. पुढे त्या फरशीवर आम्ल ओतून पाहिले, तेव्हा शाईखालचा दगड जसाच्या तसा राहिला आणि उघडा दगड खाल्ला गेला.

तेथून दोन-तीन वर्षांच्या प्रयत्नांनी त्याने खरा शोध लावला. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. दगडावर स्निग्ध शाईने लिहावे, मग दगड ओला करावा आणि वरून छपाईच्या शाईचा रूळ फिरवावा. ओल्या भागावर शाई बसत नाही, लिहिलेल्या भागावर मात्र बसते. त्यावर कागद दाबला की छाप उठतो. खिळे जुळवणे नको, ठसे कोरणे नको. हाच शिळाछाप होय.

आता एक अडचण उरते. दगडावरून कागदावर छाप उमटताना अक्षरे उलटी होतात, म्हणून दगडावर उलटे लिहावे लागते. झेनेफेल्डरनेच यावरही उपाय काढला. खळ लावलेल्या कागदावर स्निग्ध शाईने सरळ लिहावयाचे आणि तो कागद ओलसर करून दगडावर पालथा दाबावयाचा. शाई कागद सोडून दगडाला चिकटते. दगडावर अक्षरे उलटी उमटतात आणि छापताना पुन्हा सुलटी होतात. शाई एका पृष्ठावरून दुसऱ्या पृष्ठावर नेण्याची ही युक्ती वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढचा सारा इतिहास तिच्याभोवती फिरतो.

ही कला हिंदुस्थानात लवकरच रुजली. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी शिळाछापावर १८३१ साली मराठी पंचांग छापले. लखनौला १८५८ साली मुन्शी नवल किशोर यांचा छापखाना निघाला आणि तेथून उर्दू-फारसीचे असंख्य ग्रंथ शिळाछापावर बाहेर पडले. मुंबईही फारसी, अरबी आणि उर्दू शिळाछापाचे मोठे केंद्र बनली. याचे कारण लिपीत आहे. नस्तालीक लिपीची अक्षरे एकमेकांत गुंफली जातात, शब्द तिरका उतरत जातो आणि शेजारी कोणते अक्षर आहे त्याप्रमाणे प्रत्येक अक्षराचा आकार बदलतो. शिशाच्या खिळ्यांत हे सौंदर्य उतरवणे महाकठीण आणि खर्चाचे होते. शिळाछापात कातिबाच्या हातचे वळण जसेच्या तसे छापले जाई. तो बोरूने खळ लावलेल्या कागदावर लिही, कारागीर तो कागद दगडावर पालथा दाबून शाई उतरवून घेई. पुढे दगडाच्या जागी जस्ताचा पत्रा आला, नंतर फोटो-ऑफसेट आले. परंतु कातिबाचा बोरू विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चालू राहिला. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी ज्यांनी उर्दू वृत्तपत्र वाचले, त्यांनी छापलेले नव्हे तर हाताने लिहिलेलेच वाचले.

तारांचे जंजाळ

आता विजेकडे वळू. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रेडिओ संच असा बनत असे : पत्र्याच्या चौकटीवर व्हॉल्व्हच्या बैठका बसवलेल्या असत आणि खालच्या बाजूस एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तारा ओढून प्रत्येक सांध्यावर कथलाचा डाग दिला जाई. एका संचात असे शेकडो सांधे असत. एक तार चुकीच्या जागी जोडली गेली, की संच मुका. चूक शोधण्यात तास जात. दोन संच कधीही तंतोतंत सारखे होत नसत.

या जंजाळातून सुटण्याची कल्पना अनेकांना सुचली होती. १९०३ साली आल्बर्ट हॅन्सन या जर्मन संशोधकाने विद्युतरोधक पाटीवर धातूच्या सपाट पट्ट्या चिकटवण्याचे एकस्व मागितले. १९२५ साली अमेरिकेत चार्ल्स ड्युकस याने छिद्रपटातून वाहक मार्ग छापून त्यावर धातूचा मुलामा देण्याची रीत मांडली. पण या कल्पना कागदावरच राहिल्या. बाजारात येण्याजोगी पद्धत निघाली ती एका निर्वासिताच्या हातून.

पाउल आइस्लरची पाटी

पाउल आइस्लर याचा जन्म १९०७ साली व्हिएन्नात एका ज्यू कुटुंबात झाला. १९३० साली तेथील तांत्रिक विद्यापीठातून तो अभियंता झाला. त्या काळी ऑस्ट्रियात ज्यूंविरुद्धचे वातावरण तापत चालले होते आणि योग्य नोकरी मिळणे दुर्घट होते. पडेल ते काम करीत असता नियतकालिकाच्या निमित्ताने त्याची छापखान्याशी ओळख झाली. हीच ओळख पुढे कामी आली. १९३६ साली तो इंग्लंडला आला. लंडनच्या हॅम्पस्टेड भागातील भाड्याच्या खोलीत राहून त्याने तांब्याच्या पातळ पत्र्यातून मंडल साकारलेला रेडिओ बनवला.

त्याचा विचार साधा पण उलटा होता. पाटीवर तारा जोडत बसण्याऐवजी पाटीवर आधी सगळीकडे तांब्याचा पत्रा चिकटवावा. जेथे तार हवी तेथे छापखान्याच्या पद्धतीने संरक्षक शाई छापावी आणि बाकीचे तांबे रसायनाने खाऊन टाकावे. उरेल ते मंडल. चित्रांचे जस्ती ब्लॉक बनवणारा कारागीर हेच करीत असे, शिळाछापाच्या फरशीवर आम्ल ओतणारा झेनेफेल्डरही हेच करीत होता. आइस्लरने तेच तत्त्व विजेच्या कामाला लावले.

ही कल्पना घेऊन तो एका रेडिओ कंपनीकडे गेला, तेव्हा तारा जोडण्याचे काम मुली करतात आणि ते स्वस्तात होते, मग छापण्याची गरज काय, अशा अर्थाचे उत्तर मिळाले असे सांगितले जाते. पुढे महायुद्ध पेटले. ज्यांच्या छळाला कंटाळून तो देश सोडून आला, त्याच शत्रूचा नागरिक ठरवून इंग्लंडने त्याला १९४० साली स्थानबद्ध केले. सुटका १९४१ मध्ये झाली. त्यानंतर लंडनच्या कॅम्बरवेल भागातील हेंडरसन अँड स्पॉल्डिंग या कंपनीने त्याला आश्रय दिला. ही कंपनी रेडिओची नव्हती, ती शिळाछापाचा छापखाना होती! १९४३ साली एकस्वाचा अर्ज झाला तो याच छापखान्यात काम करीत असताना.

त्याच सुमारास अमेरिकेत विमानविरोधी गोळ्यांच्या निकटस्फोटी फ्यूजसाठी चिनी मातीच्या पाटीवर चांदीच्या शाईने मंडले छापली जाऊ लागली. तोफेतून सुटताना बसणारा हादरा तारांच्या सांध्यांना सोसवला नसता. छापलेली रेघ मात्र टिकली. १९४९ साली अमेरिकी लष्कराच्या संदेश विभागातील मो एब्रॅमसन आणि स्टॅनिस्लॉस डॅन्को यांनी पुढची पायरी गाठली. भागांचे पाय पाटीच्या छिद्रांतून ओवून सारी पाटी वितळलेल्या कथलावर टेकवायची, म्हणजे सर्व सांधे एका दमात पक्के होतात. पितळी भांड्याला कल्हई होताना ज्याने पाहिली आहे, त्याला नवसागर, कथील आणि उष्णता यांचा हा मेळ निराळा समजावून सांगण्याचे कारण नाही. फरक इतकाच, की या कामात नवसागराच्या जागी राळ वापरतात.

यानंतर रेडिओ स्वस्त झाले आणि ट्रान्झिस्टर खिशात मावू लागला. आइस्लरला मात्र या वैभवाचा फार थोडा वाटा मिळाला. अमेरिकेतील न्यायालयात त्याच्या एकस्वाचा दावा टिकला नाही. १९८९ साली त्याने आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले आणि १९९२ साली लंडनमध्ये तो वारला.

कोरडी शाई

कथेचा दुसरा धागा न्यूयॉर्कमध्ये आहे. चेस्टर कार्लसन याचा जन्म १९०६ साली सिअ‍ॅटलमध्ये झाला. वडील संधिवात आणि क्षयाने अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे शाळकरी वयातच घर चालवण्याचा भार त्याच्यावर पडला. एका छापखान्यात काम करताना त्याने मजुरीपोटी एक जुने छापयंत्र मिळवले आणि रसायनशास्त्राच्या हौशी अभ्यासकांसाठी एक छोटे नियतकालिक काढून पाहिले. शब्द कागदावर आणणे किती कष्टाचे असते, याचा धडा त्याला तेथे मिळाला. पुढे तो १९३० साली पदार्थविज्ञानाचा पदवीधर झाला. मंदीत नोकरी गेली. अखेर एका कंपनीच्या एकस्व विभागात काम मिळाले आणि रात्रीच्या वर्गात त्याने कायद्याचा अभ्यास आरंभला. एकस्वाच्या नकला कधीच पुरेशा नसत. पुस्तके विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून ग्रंथालयात बसून तो पानेच्या पाने हाताने उतरवी. त्यात वडिलांप्रमाणे त्यालाही संधिवाताने ग्रासले होते.

२२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागातील एका खोलीत त्याने आणि त्याचा साहाय्यक ओटो कोर्नेई याने प्रयोग केला. हा कोर्नेईही ऑस्ट्रियातून आलेला निर्वासितच. गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा त्यांनी अंधारात रुमालाने घासला, म्हणजे त्यावर स्थिर विद्युत जमली. मग तारीख आणि स्थळ लिहिलेली काच त्यावर ठेवून काही क्षण प्रखर दिवा दाखवला. जेथे उजेड पडला तेथली विद्युत निघून गेली, अक्षरांच्या सावलीत ती राहिली. वरून एका वनस्पतीच्या बीजाणूंची बारीक पूड भुरभुरवून फुंकर मारली, तेव्हा पूड अक्षरांनाच चिकटून राहिली. मेणकागद दाबून तो तापवला आणि पहिली कोरडी नक्कल हाती आली.

वीसहून अधिक कंपन्यांनी हा शोध नाकारला. कोर्नेई निराश होऊन दुसरीकडे नोकरीस गेला. १९४४ साली बॅटेल संस्थेने आणि नंतर रॉचेस्टरच्या हॅलॉइड या लहानशा कंपनीने त्यात लक्ष घातले. ग्रीक भाषेतील ‘कोरडे’ आणि ‘लेखन’ या शब्दांवरून झेरोग्राफी हे नाव पडले. १९४९ साली निघालेले पहिले यंत्र इतके किचकट होते की कचेरीत ते चालेना. त्याला गिऱ्हाईक मिळाले ते ऑफसेट छपाईच्या कामात : यंत्रातून निघालेल्या पुडीची अक्षरे स्निग्ध शाई धरतात आणि पाणी झिडकारतात, म्हणून त्यांची कागदी छापप्लेट बनवता येई. म्हणजे झेनेफेल्डरचेच तत्त्व पुन्हा उपयोगी पडले. झेरॉक्स ९१४ हे सोयीचे यंत्र १९५९ साली आले. प्रयोगाच्या त्या दिवसापासून एकवीस वर्षे लोटली होती. कार्लसन श्रीमंत झाल्यावर त्याने कोर्नेईची आठवण ठेवून त्याला कंपनीचे १०० समभाग भेट दिले. १९६८ साली मृत्यू येईपर्यंत त्याने आपल्या संपत्तीचा फार मोठा भाग दान केला.

याच झेरॉक्स कंपनीतील गॅरी स्टार्कवेदर या अभियंत्याच्या मनात १९६७ च्या सुमारास प्रश्न आला : नक्कल करण्यासाठी मूळ कागद तरी कशाला हवा? संगणकाच्या आज्ञेने लेसरचा किरण चालवून थेट ढोलावरच अक्षर काढले तर? वरिष्ठांना ही कल्पना रुचली नाही. १९७१ मध्ये तो कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात गेला आणि तेथे ती सिद्धीस नेली. १९७७ साली झेरॉक्स ९७०० हे मिनिटाला १२० पाने छापणारे अजस्र यंत्र विक्रीस आले. टेबलावर मावणारा लेसर प्रिंटर ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने १९८४ साली ३,४९५ डॉलरना बाजारात आणला. त्यात एका इंचात ३०० ठिपके छापले जात.

दोन धागे एकत्र

लेसर प्रिंटरमधली ‘शाई’ ही शाई नसतेच. ती प्लास्टिकची अतिशय बारीक पूड असते, काळेपणासाठी तिच्यात काजळी घातलेली असते. तिला टोनर म्हणतात. ढोलावरून कागदावर आलेली ही पूड तापलेल्या रुळाखाली वितळते आणि कागदाच्या तंतूंत घट्ट बसते. जी एकदा उष्णतेने वितळली, ती पुन्हा तापवल्यास पुन्हा वितळणारच. शिवाय ती प्लास्टिकची असल्याने तांबे खाणाऱ्या द्रावणाला दाद देत नाही. या दोन गुणांवर हौशी कारागिरांनी बोट ठेवले. प्रिंटरच्या किमती उतरल्यावर नव्वदीच्या दशकात ही घरगुती रीत जगभर पसरली. त्यापूर्वी घरी पाटी बनवणारे एनॅमल रंगाने किंवा नखांच्या पॉलिशने बारीक कुंचला धरून रेघा काढीत. १९६९ साली दिल्लीहून सुरू झालेल्या ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ सारख्या मासिकांतले आराखडे कार्बन कागदाने तांब्यावर गिरवीत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तांब्याचा पत्रा चढवलेली पाटी आणि फेरिक क्लोराइड विकत घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या यातून शिकल्या.

टोनरची कृती थोडक्यात अशी. मंडलाचा आराखडा संगणकावर काढून लेसर प्रिंटरने चकचकीत कागदावर गडद छापावा. शाईच्या फवाऱ्याचा प्रिंटर येथे चालत नाही, कारण त्याची शाई उष्णतेने वितळत नाही. पाटीचे तांबे बारीक घासणीने घासून, धुऊन, कोरडे करावे. बोटाचा तेलकट ठसाही राहता कामा नये. छापलेला कागद तांब्यावर पालथा ठेवून कोरड्या, तापलेल्या इस्त्रीने काही मिनिटे सर्वत्र सारखा दाब द्यावा. पाटी निवल्यावर पाण्यात भिजत घालावी आणि कागद हलकेच चोळून काढावा. कागद जातो, टोनर तांब्यावर राहतो. एखादी रेघ तुटली असेल तर न पुसणाऱ्या शाईच्या पेनाने ती जोडून घ्यावी. नंतर पाटी प्लास्टिकच्या तसराळ्यात फेरिक क्लोराइडच्या द्रावणात हलवत ठेवावी. उघडे तांबे विरघळून जाते. शेवटी अ‍ॅसिटोनने टोनर पुसला की खाली तांब्याच्या लखलखीत रेघा दिसतात. मग भागांच्या पायांसाठी सुमारे ०.८ मिलिमीटरची छिद्रे पाडावीत.

कातिबाचा कागद दगडावर पालथा दाबला जाई, येथे प्रिंटरचा कागद तांब्यावर पालथा दाबला जातो. एक फरक मात्र नीट समजून घ्यावा. शिळाछापात अक्षर दोनदा उलटते, म्हणून शेवटी सरळ येते. येथे ते एकदाच उलटते. म्हणून तांब्याच्या बाजूने पाहून काढलेला आराखडा आरशातल्याप्रमाणे उलटा छापावा लागतो. उलट, भागांच्या बाजूने, जणू पाटी पारदर्शक आहे असे समजून काढलेला आराखडा तसाच छापला तरी बरोबर उतरतो. हे न समजल्याने नवशिक्याची पाटी पुष्कळदा वाया जाते.

मापांचाही अंदाज असावा. सामान्य पाटीवरील तांबे अवघे ३५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या अठ्ठाविसाव्या भागाएवढे जाड असते. जुन्या पद्धतीच्या आयसीच्या दोन पायांत २.५४ मिलिमीटर अंतर असते. ३०० ठिपक्यांच्या प्रिंटरचा एक ठिपका सुमारे ०.०८५ मिलिमीटर रुंद, तेव्हा अर्ध्या मिलिमीटरच्या रेघेत जवळजवळ सहा ठिपके येतात. घरगुती कामाला तेवढे पुरते.

पालकांसाठी दोन गोष्टी स्पष्ट सांगणे अवश्य आहे. फेरिक क्लोराइडचा डाग कपड्यावरून आणि फरशीवरून जात नाही. ते डोळ्यांना आणि त्वचेला घातक आहे आणि धातूचे भांडे खाते. म्हणून हातमोजे, डोळ्यांना चष्मा, मोकळी हवा आणि मोठ्या माणसाची देखरेख हवीच. स्वयंपाकघरातले भांडे या कामाला घेऊन परत स्वयंपाकात वापरू नये. अ‍ॅसिटोन जवळ असताना आग किंवा तापलेली इस्त्री नको. पाटी छेदताना उडणारी धूळ श्वासात जाऊ देऊ नये. आणि वापरलेले द्रावण मोरीत किंवा गटारात कदापि ओतू नये. त्यात विरघळलेले तांबे असते, आणि पाण्यातील जीवांना ते विषासमान आहे. ते प्लास्टिकच्या बाटलीत नाव लिहून ठेवावे आणि शाळा-महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील घातक कचऱ्याबरोबर त्याची विल्हेवाट लावावी. जी वस्तू बनवण्यात शेजाऱ्याचे पाणी नासते, तिला हुनर म्हणता येत नाही.

मग हे शिकावे कशासाठी?

येथे कोणी रास्त प्रश्न विचारील. आज संगणकावरचा आराखडा पाठवला की कारखान्यातून दोन्ही बाजूंनी तांबे असलेल्या, छिद्रांतूनही मुलामा दिलेल्या सुबक पाट्या अल्प किमतीत घरपोच येतात. मग इस्त्री आणि रसायनांचा हा खटाटोप कोणासाठी?

उत्तर वस्तूच्या किमतीत नाही. कारखान्यातून आलेली पाटी बरोबर चालली तर विद्यार्थ्याला काही कळत नाही, आणि चालली नाही तरी काही कळत नाही. स्वतः छापलेल्या, स्वतः खाऊ घातलेल्या पाटीत रेघ कोठे तुटली, का तुटली, हे त्याच्या बोटांना माहीत असते. ज्याने एकदा अशी पाटी बनवली, तो नंतर कारखान्याकडे आराखडा पाठवतानाही दोन रेघांत किती अंतर ठेवावे हे समजून पाठवतो. विज्ञान प्रदर्शनात विकत आणलेला संच मांडणारा मुलगा आणि आपल्या हातची खडबडीत पाटी मांडणारी मुलगी, यांच्यात परीक्षकाने दोनच प्रश्न विचारले तरी फरक दिसून येतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. या इतिहासातील माणसे पुन्हा एकदा डोळ्यांसमोर आणा. झेनेफेल्डरला नाटक छापण्यास पैसे नव्हते. आइस्लर परदेशात पोटापाण्यासाठी वणवण करणारा निर्वासित होता. कार्लसनला कायद्याची पुस्तके परवडत नव्हती. तिघेही अडचणीत होते. पण जगात अडचणीत तर कोट्यवधी असतात. या तिघांत आणखी एक समान गोष्ट होती. तिघांनीही पुस्तकी विद्येबरोबर छापखान्यातले काम हाताने जवळून पाहिले होते. आइस्लरने केवळ विद्युतशास्त्र शिकले असते तर तो तारा जोडत बसला असता, आणि केवळ छापखाना पाहिला असता तर रंगीत चित्रे छापीत बसला असता. दोन्ही एका डोक्यात आल्या, तेव्हा नवी वस्तू जन्मली.

आपल्याकडे शिळाछाप शंभर-दीडशे वर्षे नांदला. दगडावर शाई उतरवणारे, जस्तावर ब्लॉक कोरणारे, भांड्यांना कल्हई करणारे, रेडिओ दुरुस्त करणारे कुशल हात मोहल्ल्यामोहल्ल्यात होते आणि त्यांत आपल्या समाजाचे कारागीर मोठ्या संख्येने होते. परंतु ज्याच्या हातात कला होती त्याच्या मुलाला शाळा दुर्मिळ होती, आणि जो शाळेत पुढे गेला त्याला कारखान्याच्या दारात उभे राहणे कमीपणाचे वाटले. इल्म एका घरात आणि हुनर दुसऱ्या घरात, अशी ही फारकत झाली. तिची किंमत समाज अजून मोजतो आहे. मुलाने हातात सोल्डरिंग आयर्न घेतले की ‘शिकून अखेर मिस्त्रीच होणार का?’ असे म्हणणारे पालक आजही भेटतात.

कातिबांचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांच्या हस्ताक्षरातील हजारो अक्षरबंध मोनोटाइप कंपनीच्या लेसर जुळणीयंत्रात बसवले गेले आणि लाहोरच्या ‘जंग’ वृत्तपत्राने ते वापरात आणले. पुढे घरच्या संगणकावर उर्दू लिहिता येऊ लागली आणि छापखान्यातील कातिबांच्या बैठका एकेक करून उठल्या. ज्या लेसरने हौशी विद्यार्थ्याच्या हाती मंडल दिले, त्याच लेसरने कातिबाच्या हातचा बोरू काढून घेतला. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. पण हेही विसरू नये, की त्या यंत्रात घालण्यासाठी अक्षरे लिहिली ती एका खुशनवीसानेच. मिर्झा अहमद जमील यांना लिपी हाताने येत होती आणि छपाईचा व्यवसायही ठाऊक होता, म्हणून नस्तालीकचे वळण यंत्रात शिरूनही नस्तालीकच राहिले. कला जाणणारा माणूस यंत्राच्या कामात सामील झाला नसता, तर यंत्राने जे वळण दिले असते तेच आपल्याला सुंदर म्हणून स्वीकारावे लागले असते.

नवे यंत्र येण्याचे थांबणार नाही. ते येईल तेव्हा आपली मुले त्याचे नुसते गिऱ्हाईक असतील, की ते उघडून पाहणारी असतील, हे ठरवणे मात्र पुष्कळसे आपल्या हाती आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत एक जुना लेसर प्रिंटर, एक इस्त्री, तांब्याच्या काही पाट्या आणि समजून सांगणारा एक शिक्षक, इतक्या सामग्रीवर या शिक्षणाची सुरुवात होऊ शकते. पहिल्या पाटीवर एक दिवा लुकलुकवणारे साधे मंडल पुरे. त्या पाटीच्या कोपऱ्यात विद्यार्थ्याने आपले नाव तांब्यात उमटवावे, आणि ते सुलटे वाचता यावे म्हणून कागदावर कसे छापावे लागेल, ते कोणी न सांगता स्वतः शोधून काढावे.